जुन्या मोटारीचे पेट्रोल कोठे अडते?

ज्या घरी आजोबांच्या वेळची मोटार किंवा स्कूटर अद्याप जपून ठेवलेली आहे, अशी घरे या मासिकाच्या वाचकवर्गात थोडी का होईनात, असतीलच. अशा घरी पावसाळा सरल्यावर एक प्रसंग हटकून घडतो. गाडीवरील आच्छादन निघते, ती मोठ्या मिनतवारीने सुरू होते, दोन-चार मैल बरी चालते आणि मग आचके देऊन भररस्त्यात उभी राहते. भोवती जमलेली मंडळी एकमुखाने निकाल देतात, "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे!" लगेच पाना येतो, कार्बोरेटर उघडला जातो, आणि जो दोष मुळात तेथे नव्हता तो त्या उघडण्यामुळेच तेथे उत्पन्न होतो. मोटारीच्या सर्व भागांत कार्बोरेटर हा सर्वांत अधिक बदनाम, परंतु त्या मानाने फार थोडा अपराधी, असे आमचे मत बनले आहे. ते कसे बनले ते सांगावयाचे तर एका विशिष्ट गाडीची हकीगत सांगितली पाहिजे.

ही गाडी नालासोपाऱ्यास पश्चिमेच्या बाजूस, निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या भाच्याच्या आवारात असते. इंग्लंडातील एम. जी. कारखान्याची 'टी. सी.' नावाची ही दोन आसनी, उघडी, शर्यती ढंगाची मोटार. या जातीच्या गाड्या १९४५ पासून १९४९ पर्यंत निघाल्या व त्यांची एकंदर संख्या दहा हजारांच्या घरात आहे. सांगाडा लाकडी, चाके मोठी व तारांची, इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे, त्याला दोन कार्बोरेटर, आणि पेट्रोलाची टाकी पाठीवर दप्तर बांधावे तशी मागे बांधलेली. भाच्याच्या आजोबांनी ती मुंबईत कोणा साहेबाकडून घेतली. आमची भगिनी सासरी आली ती याच गाडीतून. तेव्हा तिच्याविषयी तिला काय वाटते हे निराळे सांगावयास नको.

परंतु गाडी चालेना. तीन कारागीर झाले. एकाने दोन्ही कार्बोरेटर उकलून धुतले, दुसऱ्याने पेट्रोलाच्या नळीला ओली फडकी गुंडाळली, तिसऱ्याने विजेच्या बाजूचा कंडेन्सर बदलला. गाडी होती तेथेच. सूनबाईंचे म्हणणे असे की, "दिवाळीपर्यंत चालली तर ठेवू, नाहीतर गिऱ्हाईक आलेलेच आहे, देऊन टाकू." या म्हणण्यात व्यवहार होता, आणि भीतीही होती, कारण या इंजिनात कार्बोरेटर व धूर बाहेर टाकणारी तप्त नळी ही एकाच बाजूस, एकावर एक आहेत. वर पेट्रोल गळू लागले तर ते नेमके निखाऱ्यावर पडावयाचे. घरात लहान मूल असताना अशी गाडी अंगणात नको असे एखाद्या आईस वाटले तर तिला दोष कसा द्यावा?

आमचा या प्रकरणी प्रवेश झाला तो केवळ वाचक म्हणून. गाडीबरोबरचे इंग्रजी दुरुस्तीचे पुस्तक नीट वाचून अर्थ सांगणारा कोणी तरी हवा होता. हात चालविणारे होते ते एक वृद्ध मिस्त्री. त्यांनी चाळीस वर्षे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची दुरुस्ती केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अशा माणसांचे कामही गेले. हल्लीच्या गाड्यांत कार्बोरेटरच नसतो. तेथे पेट्रोल विजेच्या हुकमाने मोजून फवारले जाते. तेव्हा नव्या पिढीच्या कारागिरास कार्बोरेटर ठाऊक नसावा यात त्याचा अपराध नाही.

मिस्त्रींनी आल्याबरोबर जे वाक्य उच्चारले ते आम्हांस एखाद्या शास्त्रग्रंथाच्या आरंभी शोभेल असे वाटले. ते म्हणाले, "मास्तर, आधी काही उघडायचं नाही. आधी ती बंद पडू द्यायची."

रोग अंगात असतानाच वैद्याने नाडी पाहावी, हा त्यातला अर्थ. परंतु नाडी पाहावयाची तर शरीररचना ठाऊक हवी. म्हणून पेट्रोलाचा मार्ग थोडक्यात सांगतो. मागच्या टाकीतून एक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते. इंजिनामागच्या पडदीवर विजेचा एक लहानसा पंप आहे. तो पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. कार्बोरेटरच्या कडेस एक वाटी असते व तीत तरंगता गोळा. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, अगदी तोच प्रकार. वाटी भरली की गोळा वर येऊन एका सुईने पेट्रोलाची वाट बंद करतो. पातळी उतरली की उघडतो. वाटीतले पेट्रोल पुढे जेट नावाच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. जुन्या लोकांना डास मारण्याच्या फ्लिटचा पंप आठवत असेल. नळीच्या तोंडावरून हवा वेगाने गेली की खालचा द्रव आपोआप वर येऊन तुषार होतो. तसेच येथे.

या गाडीचे कार्बोरेटर 'एस. यू.' जातीचे आहेत. त्यांची मूळ कल्पना जॉर्ज हर्बर्ट स्किनर या गृहस्थाची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. स्किनरांचे घराणे पादत्राणांच्या धंद्यातले. म्हणूनच की काय, पहिल्या यंत्रात त्यांनी चामड्याचा भाता वापरला होता! पुढे चामडे जाऊन धातूचा दट्ट्या आला. इंजिन जितकी हवा मागेल तितका हा दट्ट्या वर उचलला जातो, आणि त्याला जडलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच बाहेर सरकून छिद्र मोठे करते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखण्याची ही युक्ती इतकी सरळ आहे की तिचे कौतुक केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. चोक म्हणून जी दांडी आपण ओढतो ती या जातीत हवेचे दार लावीत नाही. ती जेटच खाली ओढते, म्हणजे मिश्रण दाट होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता लक्षण पाहू. गाडी थंड असताना उत्तम सुरू होई. चार-पाच मैल चाले. नंतर रेल्वेवरील पुलाच्या चढणीस लागली, किंवा वसई फाट्याकडे जाताना वेग दिला, की आचके देऊन बंद पडे. दहा मिनिटे स्वस्थ ठेवली की पुन्हा काही झालेच नाही अशी सुरू होई. न्यायशास्त्र पढलेल्या माणसास येथे सव्यभिचारी हेतूची आठवण व्हावी. पर्वतावर धूर दिसला तर अग्नीचे अनुमान निर्दोष होते, कारण धूर अग्नीवाचून राहत नाही. परंतु 'चालता चालता बंद पडते आणि विश्रांतीनंतर चालू होते' हे लक्षण एका कारणाशी एकनिष्ठ नाही. उष्णतेने नळीत पेट्रोलाची वाफ होऊन पंपास केवळ वाफच मिळू लागली तरी हेच होते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजून आत निर्वात झाले तरी हेच. कंडेन्सर तापून ठिणगी मंदावली तरी हेच. टाकीतील गंजाची खपली नळीच्या तोंडाशी येऊन चिकटली आणि ओढ थांबल्यावर सुटली, तरीही हेच. तिन्ही कारागीर मूर्ख नव्हते. प्रत्येकाने एक संभाव्य कारण धरले होते. फक्त ते दुसऱ्यांपासून निवडून काढण्याची परीक्षा कोणी केली नव्हती.

ती परीक्षा गाडी बंद पडली त्या क्षणीच करावयाची असते, दहा मिनिटांनी नव्हे. मिस्त्रींनी सर्व हत्यारे बरोबर घेतली, भाच्याने गाडी पुलाच्या चढणीवर नेली, आणि ती शहाण्यासारखी तेथे बंद पडली. प्रथम टाकीत काठी घालून पाहिले. या जातीच्या गाडीला पेट्रोल दाखविणारा काटा नसतो, फक्त ते संपत आल्याची सूचना देणारा दिवा असतो, आणि रिकाम्या टाकीसाठी कार्बोरेटर उकलणारे महाभाग जगात आहेत. पेट्रोल भरपूर होते. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा 'फुस्स' असा आवाज झाला नाही, आणि झाकण उघडे ठेवूनही गाडी सुरू झाली नाही. म्हणजे छिद्र बुजलेले नव्हते. प्लगची तार काढून ठिणगी पाहिली, ती निळी व सशक्त होती, कंडेन्सर सुटला. ही ठिणगीची परीक्षा वाचकांनी कार्बोरेटरपासून व उघड्या पेट्रोलापासून दूर, आणि इतर काहीही उघडण्यापूर्वीच उरकावी.

राहिला पंप. या पंपाची मौज अशी की तो बोलतो. टाकीतून पेट्रोल येत असून वाट्या भरलेल्या असतील तर तो गप्प बसतो किंवा कधीमधी एखादा ठोका देतो. पेट्रोलाऐवजी हवा किंवा वाफ ओढू लागला की घाईघाईने टकटक करतो, कारण त्यास ओझेच नसते. आणि मागची वाट कोंडलेली असेल तर एकेक ठोका जड, सावकाश पडतो. भरलेल्या विहिरीचा रहाट आणि चिखलात रुतलेला रहाट यांच्या आवाजात फरक असतोच ना? मिस्त्रींनी कान लावला. ठोके सावकाश होते. "वाफ नाही," ते म्हणाले, "मागे कुठंतरी गळा आवळलाय."

वाफेचा आरोप इतक्या सहज सुटला याचे आम्हांस नवल वाटले, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात तो बहुधा खरा असतो. घाटात टॅक्सीच्या पंपावर ओले फडके घालणारे ड्रायव्हर पुष्कळांनी पाहिले असतील. तो उपाय शास्त्रशुद्धच आहे. पेट्रोलातील हलके अंश चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि ओल्या कापडाचे पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. नळीवर लाकडी चिमटे लावण्याचा जो दुसरा उपाय सांगतात त्यावर मात्र आमचा विश्वास नाही; चिमटे लावीपर्यंत जी दहा मिनिटे जातात त्यांचाच तो गुण असावा.

पुढची परीक्षा दुसरे दिवशी आवारात, उघड्या जागी केली. जवळ अग्निशामक कोरड्या पावडरीचे नळकांडे व वाळूची बादली. पेट्रोलाच्या आगीवर पाणी ओतू नये हे घरच्या सर्वांस माहीत असावे. टाकीकडून येणारी नळी पंपाजवळ सोडविली आणि पंपास एका धातूच्या डब्यातून पेट्रोल दिले. इंजिन अर्धा तास, वेग देऊनही, एकदासुद्धा अडखळले नाही. यास आमच्या शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. मागची नळी असेल तर दोष आहे, नसेल तर नाही. पंपापुढचे सर्व भाग, दोन्ही कार्बोरेटरांसह, निर्दोष ठरले, आणि तेही एकही स्क्रू न फिरविता. मग मागची वाट तुकड्यातुकड्याने तपासली. धातूची नळी स्वच्छ. टाकीच्या तोंडची जाळी बरी. आणि या दोहोंच्या मध्ये, पूर्वी कोणी तरी जोडलेला वीतभर रबरी नळीचा तुकडा. बाहेरून तो धडधाकट होता. मिस्त्रींनी तो उभा चिरला तेव्हा आतले अस्तर फुगून सुटलेले व जिभेसारखे लोंबत असलेले दिसले. ओढ जोराची झाली की ती जीभ टाळ्यास लागे. ओढ थांबली की खाली पडे. एवढ्याशा कारणापायी गाडी घरातून जाणार होती.

हे अस्तर का फुगले? येथे आजच्या पेट्रोलाचा विचार आला. आपल्या देशात पेट्रोलात उसाच्या व धान्याच्या मद्यार्काचे, म्हणजे इथेनॉलचे, मिश्रण करतात. ही कल्पना नवी नाही. १९४८ सालीच त्यासाठी एक कायदा झाला होता. २०२२ साली हे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर पोचले, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली, आणि २०२५ साली देशभराची सरासरी २० टक्के झाली. महाराष्ट्राच्या ऊस उत्पादकास यापासून लाभ आहे आणि परदेशी तेलाची आयात कमी होते. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु ८० वर्षांच्या म्हाताऱ्याचा आहार बदलताना वैद्य जी काळजी घेतो ती येथे घ्यावयास हवी. मद्यार्कामुळे जुन्या जातीचे रबर फुगते व पुढे भुगा होते. पूर्वीचे कारागीर सांधे बुजविण्यासाठी चपडीलाख लावीत. लाकडास पॉलिश करणारा सुतारसुद्धा सांगेल की चपडी स्पिरिटात विरघळते. ती विरघळून जेटमध्ये चिकट राळ होऊन बसते. शिवाय टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ या पेट्रोलाने सुटतो, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांत गाळण्या वारंवार पाहाव्या. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. अंगावर '३० आर ९' असा छाप असलेल्या नळ्या मिळतात. मीटरभर नळीचा खर्च एका कारागिराच्या एका फेरीपेक्षा कमी आहे.

नळी बदलली, गाडी पुलावरून सरळ पार गेली. तरी तिच्या चालण्यात एक रिकामेपणा होता. वेग देताना ती क्षणभर श्वास अडल्यासारखी करी. हाही नव्या पेट्रोलाचाच परिणाम. एक भार शुद्ध पेट्रोल पुरते जाळण्यास सुमारे १४.७ भार हवा लागते. इथेनॉलला ९ च. २० टक्के मिश्रणास ती साधारण साडेतेरा भार पुरते. नव्या गाड्यांना धुराचा वास घेऊन प्रमाण बदलणारे यांत्रिक नाक असते. कार्बोरेटरला ते नाही. तो आपला जुन्याच मापाने वाढतो, आणि मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास विरळ पडते. माधवनिदानात रोगज्ञानाच्या साधनांमध्ये 'उपशय' सांगितला आहे. म्हणजे औषध किंचित देऊन पाहावे, गुण आला तर रोग ओळखता येतो. येथील उपशय म्हणजे चोकची दांडी. गरम इंजिन चालू असताना ती किंचित ओढली. चाल एकदम गुळगुळीत झाली. मिश्रण विरळच होते.

खात्री करण्याची दुसरी रीत पुस्तकात होती ती आम्ही मोठ्याने वाचली. दट्ट्या बारीक पात्याने एक इंचाचा बत्तिसावा भाग इतकाच उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट. लगेच बंद पडू लागले तर विरळ. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. जेटखाली षट्कोनी नट असतो. जेट खाली गेले की मिश्रण दाट, वर गेले की विरळ. नट एका वेळी एकच बाजू फिरवावा, दोन्ही कार्बोरेटरांचा सारखाच, आणि प्रत्येक वेळी पुन्हा परीक्षा करावी. येथे उतावळ्या माणसाचे काम नाही. मिस्त्रींनी प्रत्येकी दोन बाजू फिरविल्या आणि थांबले.

दोन कार्बोरेटर सारखी हवा घेतात की नाही, हे पाहण्याची रीत तर आम्हांस फारच रुचली. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे आळीपाळीने दोन्हींच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा 'स्स' असा स्वर दोहोंत सारखा येईपर्यंत झडपांचे स्क्रू जुळवावयाचे. भाचा म्हणाला, "मामा, हे तर तंबोऱ्याची जोडी लावण्यासारखं झालं!" मिस्त्रींना गाण्याचा गंध नसावा, पण त्यांचा कान आमच्या पाहण्यातील कित्येक गवयांहून सच्चा होता.

ज्यांना कार्बोरेटर उघडणे अपरिहार्यच होईल त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात दुसरा, त्यात तिसरा असे होत होत शेवटी सोन्याचा निघाला; आणि कशात काय होते हे त्यांनी नीट नोंदवून ठेवले, म्हणून आज ते आपणांस कळते. कार्बोरेटरचे भागही काढल्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडावे, आणि पहिल्याचा दट्ट्या दुसऱ्याच्या घरात कधी घालू नये. ते जोडीने घासून बसविलेले असतात. जेटमध्ये तार खुपसू नये. छिद्र केसभर वाढले तरी सर्व हिशेब चुकतो. तरंगता पितळी गोळा कानाशी हालवून पाहावा; आत पेट्रोल वाजले तर तो भोक पडून बुडू लागला आहे, आणि वाटी ओसंडण्याचे कारण सापडले. दट्ट्या वर उचलून सोडला की 'टक्' असा स्पष्ट आवाज करून खाली बसला पाहिजे.

आता पावसाळ्याचा प्रश्न. वसई-विरारच्या दमट हवेत चार महिने उभी राहणारी गाडी हीच पुढच्या हिवाळ्यातील रोगी होय. इथेनॉल पाणी ओढून धरते. थोड्या पाण्याने बिघडत नाही. परंतु झाकणातून पावसाचे पाणी शिरले, तर एका मर्यादेनंतर पाणी व मद्यार्क एकत्र होऊन पेट्रोलापासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे जेथून नळी पेट्रोल ओढते नेमके तेथेच. पंप बंद करून वाट्यांतील पेट्रोल इंजिन चालवून संपवावे. टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, कारण रिकाम्या टाकीचा पत्रा आपल्याकडे आतून गंजतो. झाकणाचे रबर नवे असावे. दसऱ्याला गाडी बाहेर काढताना आधी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर सावलीत, घराबाहेर, घट्ट बूच लावून ठेवावे. सकाळी बाटलीत दोन थर दिसले तर सारी टाकी रिती करावी. वरचा थर चांगला दिसतो म्हणून तो वाचविण्याचा लोभ धरू नये, कारण त्यातील मद्यार्क खाली गेलेला असतो व त्याबरोबर पेट्रोलाचा कसही उतरलेला असतो. आणि ते काढलेले पेट्रोल गटारात किंवा आवारातल्या बावखलात ओतू नये. आमच्या भागात या बावखलांचे पाणी विहिरींस लागते. ते बंद डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्याच्या हवाली करावे.